आबांचं केशर कलम

अंथुर्ण्याच्या तात्यांच्या नर्सरीत परवा मजा झाली. वडगाव निंबाळकरचे आबा भर गिऱ्हाइकांत ओरडले, “तात्या, केशर म्हनून दिलेल्या कलमाला आंबट गावठी आंबं लागलं. फसवलं तुमी.”

गिऱ्हाइकांनी हातातली रोपं खाली ठेवली. तात्यांचं चाळीस वर्षांचं नाव जायची वेळ आली. त्यांनी एक कलम उचलून सांध्यावर बोट ठेवलं.

“ह्याच्या वर केशर, खाली गावठी. तुमच्या कलमाचा ह्या सांध्यावरचा शेंडा हाय का?”

“न्हाय. वाळल्यागत दिसला, म्हनून मीच छाटला. मग खालनं झकास फुटवा आला.”

“म्हंजे केशर मी दिलं, गावठी तुमी वाढवलं.”

आबा खिशात हात घालत म्हणाले, “दोन केशर द्या.”

तात्या म्हणाले, “देतो. आदी घरची कात्री हितं आनून जमा करा.”