कापलेले दोन गुण

वडील : ...म्हणून विनंती करतो बाई, हिचा शाळा सोडल्याचा दाखला द्यावा. आपले उपकार मी या जन्मी विसरणार नाही. परंतु मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः माझ्या वेल्डिंगच्या दुकानात आले. स्वतः! पांढरी स्वच्छ पँट घालून लोखंडाच्या किसात उभे राहिले.

बाई : दाखला मागितला की द्यायचा, ही या शाळेची रीत आहे. आजच देते. पण बसा तरी. त्या पंख्याखाली नको, तो वारा कमी आणि आवाज जास्त देतो.

मुलगी : आणि मला कुणी विचारणार आहे का? की मी बाकडं आहे, या वर्गातून उचललं, त्या वर्गात टाकलं?

वडील : वडीलधारी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये.

मुलगी : विषय माझाच चाललाय, बाबा.

बाई : बोलू द्या तिला. आम्हीच तिला बोलायला शिकवलंय, आता तक्रार कुणाकडे करू?

वडील : बाई, आपणांस ठाऊक आहेच. ‘तुमच्या मुलीमुळे आमच्या शाळेचा निकाल खाली येतो,’ असे म्हणून याच गृहस्थांनी हिला काढून टाकलं होतं. त्या दिवशी मी घरी कसा पोहोचलो, ते माझं मला माहीत. आणि तेच परवा म्हणाले, ‘तुमची मुलगी आमच्या शाळेचं नाव उज्ज्वल करील.’ बापाच्या कानांना याहून अधिक काय हवं असतं?

मुलगी : नावाने विचारलं का मला?

वडील : कुणी?

मुलगी : त्यांनीच. काढलं तेव्हा ‘तुमची मुलगी’, बोलावलं तेव्हाही ‘तुमची मुलगी’. माझं नाव घेतलं का एकदा तरी?

वडील : ...तसं स्मरत नाही. अगं, एवढी मोठी शाळा! ते कुणाकुणाची नावं ध्यानात ठेवणार?

बाई : ते सोड गं. तिथे प्रयोगशाळा आहे. इथे काय, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि एक सूक्ष्मदर्शक, तोही असा की डोळा लावला तर स्वतःची पापणी दिसते.

वडील : म्हणजे आपलाही सल्ला जाण्याचाच?

बाई : माझी मुलगी असती, तर नाही म्हणण्याआधी मीही दहादा विचार केला असता.

मुलगी : बाई, पुढचं सांगा ना.

बाई : तू गप्प बस.

मुलगी : मग मी सांगते. बाबा, पट चाळीसच्या खाली गेला तर शाळेची मान्यता जाते. आज आम्ही बरोबर चाळीस आहोत.

वडील : बाई! हे आपण बोलला नाहीत!

बाई : आणि बोलणारही नव्हते. त्यांनी निकालासाठी मूल काढायचं आणि मी पटासाठी अडवून ठेवायचं, मग त्यांच्यात नि माझ्यात फरक काय राहिला? अहो, इथली मुलं सावरली की आपापल्या जुन्या शाळेत परत जातात. पट घसरतो. वरचे साहेब त्याला गळती म्हणतात. मी म्हणते, ही आमची कमाई. तुम्ही खुशाल न्या. मी दारोदार फिरेन, एखादं मूल मिळेलच.

वडील : आपण मला फारच संकटात टाकलंत. इकडे आपले ऋण, तिकडे हिचं भवितव्य. मुख्याध्यापक म्हणाले, ‘सहामाहीला गणितात अठ्ठ्याण्णव पडलेत. लहान शाळा उगाच हात आखडून गुण देतात. आमच्याकडे असती तर शंभर मिळाले असते.’

बाई : मी शंभरच दिले होते.

वडील : म्हणजे? मग दोन गेले कुठे?

बाई : आमच्याकडे पेपर तपासून झाला की मूल आणि मी शेजारी बसून तो पुन्हा बघतो. कमी वाटले तर वाढवून मागायचे. सगळी मागतात, भांडभांड भांडतात. हिने दोन कापायला लावले.

वडील : स्वतःचे? कापायला?

मुलगी : उत्तर बरोबर आलं होतं, बाबा. पण मधली पायरी मला येतच नव्हती. अंदाजाने दिली ठोकून, नशिबाने जुळली. कागदावर दिसत होतं छान. पण मला ठाऊक होतं ना!

बाई : राहू दे गं, म्हटलं मी. ऐकेल तर शपथ.

(वडिलांनी मांडीवरचे आपले भाजल्याच्या डागांचे तळहात असे न्याहाळले, जणू ते आजच प्रथम दृष्टीस पडत होते.)

वडील : बाई, लोखंडाचे काही जोड असे असतात. वरून गुळगुळीत, रंग मारला की कुणाच्या बापाला कळायचं नाही. क्षमा असावी. पण आत पोकळ. तसा जोड माझ्या हातून झाला, तर मी तो कापतो आणि पुन्हा भरतो. गिऱ्हाइकं हसतात. परंतु हे मी हिला कधी शिकवलं नाही.

बाई : मीही नाही.

मुलगी : दुकानात तुमचा डबा घेऊन येते, ती काय डोळे मिटून येते?

वडील : ती पायरी आता येते तुला?

मुलगी : अर्धी. नव्या मुलांना समजावताना अजून अडखळते. पण कुठे अडखळते, ते तरी कळायला लागलंय.

वडील : खरं सांग. तुला जायचं आहे?

मुलगी : नाही. आणि पटासाठी राहत नाहीये हं, बाई. मला चाळिसावी म्हणून मोजणार असाल, तर आत्ताच दाखला द्या. इथे चुकलं तरी मला कुणी काढत नाही, म्हणून राहायचंय.

बाई : ऐकलंत? मलाच दम!

वडील : ऐकलं. ऐकतच आहे. ...मुख्याध्यापक उद्या उत्तरासाठी येणार आहेत.

बाई : काय वाटेल ते सांगा. फक्त या शाळेची दया आली म्हणून राहिली, असं सांगू नका.

वडील : छे, छे. मी त्यांना नम्रपणे एवढंच कळवीन, की माझ्या मुलीचे दोन गुण या शाळेत कमवायचे राहिले आहेत.