डाव्या डोळ्याचे फोटो

— नाही, नाही, तशी नका धरू, काचेवर बोट उमटतं. खालून हात घाला, तान्ह्या मुलाच्या मानेखाली घालतात तसा — हां, आता कसं! ही पन्नासची लेन्स. ती लांबुडकी पाखरांसाठी घेतली होती — पाखरं कुठली, दोन कावळे काढले आणि तिसरा अंगावर आला — आणि ही पंच्याऐंशीची. चेहऱ्यांसाठी हिच्यासारखी दुसरी नाही. तुम्ही कशाचे काढता? घरच्यांचे? बरं. चांगलं आहे. बसा ना, उभे का? ते स्टूल नको, ते — खुर्ची घ्या, खुर्चीत बसा.

सगळं का विकतोय? विचारतातच सगळे. सकाळी एक जण आला, त्याला म्हटलं, पाठ दुखते, बॅग उचलवत नाही. खोटं नाही ते, पाठ दुखतेच. बावीस वर्षं झाली या नादाला. पहिला कॅमेरा घेतला तेव्हा वाटलं, झालं, आता जन्मभर बघायला नको — वर्षभर पुरला नाही. हौसेला मोल नाही म्हणतात, मी म्हणतो हौसेला तळ नाही. आमचा रविवारचा गट आहे, पाच-सात जण — एक दातांचा डॉक्टर, एक बँकेतून निवृत्त झालेला, एक नुसताच टकल्या — त्यांच्यात कुणी नवी लेन्स आणली की बाकीच्यांची आठवडाभर झोप उडायची. फोटो कुणी कुणाचे बघतच नव्हतं हो. कडा किती धारदार आल्यात ते बघायचं. टकल्यानं एकदा पहाटेच्या धुक्यातला असा फोटो आणला, की काय सांगू — आणि आम्ही तासभर बोललो कशावर, तर वरच्या डाव्या कोपऱ्यात जरा काळपट आलंय यावर. ही म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं, तुम्ही तर दर सहा महिन्यांनी नवं अंगणच आणता. ही म्हणजे माझी बायको. चार महिने झाले तिला जाऊन.

असू द्या. तुम्हाला काय माहीत? तुम्ही लेन्स बघा. सगळ्या तपासून घेतलेल्या आहेत, आणि तपासणी माझ्यासारखी कुणाची नाही, गटात विचारा. खिडकीजवळ स्टूल ठेवायचं, त्यावर हिला बसवायचं, गालाला लावून वर्तमानपत्र धरायला सांगायचं — म्हणजे अक्षरं आणि डोळा एका रेषेत येतात, फोकस कुठे घसरला ते लगेच कळतं. काढायचा. मग कॉम्प्युटरवर मोठा करायचा, मोठा करायचा, पापणीचा केस न् केस वेगळा दिसला पाहिजे. मग तेवढा डोळा कापून ठेवायचा, तुलनेसाठी. हे बघा, इकडे या — प्रत्येकावर लेन्सचं नाव आणि तारीख. एकेचाळीस आहेत. सगळे डावे, कारण उजेड त्या बाजूनं यायचा. ही म्हणायची, तुमचं लग्न माझ्या डाव्या डोळ्याशी लागलंय, बाकीची मी आपली पाठराखीण. आणि कंटाळायची नाही हो! गॅस बंद करून यायची, बसायची, ते वर्तमानपत्र वाचत राहायची — अहो, हे वाचलंत का, म्हणायची. मी म्हणायचो, हलू नकोस.

बाकीचा फोटो? बाकीचा टाकून द्यायचा. चाचणीचाच ना तो, जागा कशाला अडवायची? खरा फोटो नंतर काढायचा होता. नीट, निवांत. पन्नासची आली तेव्हा म्हटलं, पंच्याऐंशीची येऊ दे. ती आली तर कॅमेऱ्याची नवी बॉडी बाजारात येणार अशी बातमी. एकदा ही आपणहून तयार होऊन बसली, केस विंचरून, कानातलं घालून — काढा आज, म्हणाली, वर्तमानपत्राशिवाय. काढले मी. सात-आठ काढले. मागची भिंत हवी तेवढी पुसट येईना. म्हटलं, अगं, थोडी थांब, पुढची लेन्स आली की काढू. तेही पुसले. चांगले नव्हते म्हणून पुसले! आणि दवाखान्यात — ऐका, हे मी कुणाला सांगितलेलं नाही — रविवारच्या गटातून तसाच गेलो होतो, कॅमेरा गळ्यात. ही म्हणाली, अहो, आणलाय तर काढा की एक. मी काय म्हणालो? म्हणालो, इथले दिवे हिरवट आहेत, चेहरा आजारी दिसतो. आजारी दिसतो म्हणालो! आजारीच होती ना ती. हसली आणि म्हणाली, बरं, घरी गेल्यावर. घरी ती आली नाही.

नाही, पाणी नको. मी ठीक आहे. तुम्ही म्हणाल, कुणाकडे तरी असेलच की एखादा फोटो. आहेत ना, मुलीच्या फोनमध्ये ढीगभर आहेत. पण ती म्हणाली, बाबा, मला तुम्ही काढलेला हवाय, तुमच्याकडे तर शेकड्यांनी असतील. आणि मी म्हटलं, आहे की. का म्हटलं? तोंडातून निघून गेलं. मग तिनं विचारलं, आकार कुठला, चौकट करायला टाकते — मी म्हटलं, बारा बाय सोळा. फोटोचा पत्ता नाही आणि आकार सांगून बसलो! तेव्हापासून शोधतोय. सगळी कार्डं, सगळ्या डिस्क. पुसलेलं परत काढून देणारा एक आहे बाजारात, त्याच्याकडे दोनदा जाऊन आलो. तो म्हणाला, काका, त्यावर इतक्या वेळा दुसरं भरलंय, खाली काही उरलेलं नाही. झाडं आहेत, पूल आहेत, कावळे आहेत. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय?

काय म्हणालात? तिला खरं सांगून टाकू? सोपं आहे तुम्हाला. ती आज येणारच आहे, दुपारी म्हणाली होती — थांबा. बघू दे. आलीच. ती काय, फाटकाशी. काखेत ते कागदात गुंडाळलेलं — चौकटच ती. केवढी मोठी दिसते हो, बारा बाय सोळा. काचेसकट आणलीय.

तुम्ही निघा. पंच्याऐंशीची घेऊन जा, पैशांचं मागाहून बघू, जा म्हणतो ना. जिन्यात भेटेल ती, काही बोलू नका, नुसती मान हलवा आणि उतरा. नाही — दोन मिनिटं थांबता का? परकं माणूस असलं खोलीत म्हणजे ती रडायची नाही. नको. रडू दे तिला. जा तुम्ही, दार उघडंच राहू द्या.

ये गं. दे इकडे, जड असेल. बस जरा. अगं, त्या फोटोचं असं झालं, की मी —