उतारावरची हिरवी जाळी

पुरवणी जबाब, दिनांक १८ नोव्हेंबर २०२५

नाव : नंदकुमार मोरेश्वर कारखानीस
वय : ६८ वर्षे
व्यवसाय : सेवानिवृत्त (विमा कंपनी, दावे विभाग)
राहणार : शैलवन सहकारी गृहनिर्माण संस्था, बी विंग, सातवा मजला, मुलुंड (पश्चिम), मुंबई

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी माणिक हिच्यासह राहण्यास आहे. आमच्या इमारतीमागच्या उतारावरून हिरवी जाळी चोरीला गेल्याची फिर्याद मी या महिन्याच्या सुरुवातीला याच पोलीस ठाण्यात अज्ञात इसमांविरुद्ध दिली होती. काल मला वरच्या वस्तीत एक जाळी ओळखण्यासाठी नेण्यात आले, त्यावरून आजचा हा जबाब आहे. मी सांगेन ते माझ्याच शब्दांत लिहावे, अशी मी सुरुवातीलाच विनंती केली. नोकरीत मी हजारो जबाब वाचले. सगळे एकाच माणसाने दिल्यासारखे वाटायचे.

आमच्या इमारतीमागे सरकारी मालकीचा मोठा उतार आहे. त्याच्या माथ्यावर साधारण साठ घरांची वस्ती आहे. उतारावर पूर्वी घाणेरीचे रान माजले होते. काही लोक तिला टणटणी म्हणतात. ही झुडपे परदेशातून आलेली आहेत, काटेरी आहेत आणि खाली दुसरे काही उगवू देत नाहीत. त्यांच्याआड बिबट्या येऊन बसतो, अशी आमच्या सोसायटीत भीती होती. घाणेरी वाईटच, हे मी आजही म्हणतो. त्याबाबत माझे मत बदललेले नाही.

सार्वजनिक जमिनीवरची असली उपद्रवी झाडे काढण्यासाठी सरकारी निधी मिळतो, असे कळल्यावर मी सोसायटीच्या वतीने दोन वर्षे त्याचा पाठपुरावा केला. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि मला पिच्छा पुरवायची सवय आहे. जागेची पाहणी करायला अधिकारी आले तेव्हा त्यांनी मला विचारले, "इथे कोणाचा वावर असतो का?" मी म्हणालो, "छे हो, या काट्यात कोण येतंय?" त्यांनी मान डोलावली. निधी मंजूर झाला आणि मे महिन्यात ठेकेदाराने सगळी घाणेरी मुळासकट काढली.

त्या प्रसंगी आमच्या गच्चीवर छोटा कार्यक्रम झाला. मी भाषण केले. "आता उतारावर मांजर जरी हललं तरी आपल्याला गॅलरीतून दिसेल," असे मी म्हणालो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे वाक्य गुन्ह्याशी संबंधित नाही, असे लिहून घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या. ते संबंधित आहे, म्हणून घ्यावे.

जुलैमध्ये उतारावर करंज, बहावा, काटेसावर अशी आपल्याकडची रोपे लावली. ती जगावीत, गुरे शिरू नयेत म्हणून भोवती बांबू रोवून हिरवी जाळी लावली. ती जाळीही त्याच निधीतली, म्हणजे सरकारी मालमत्ता. पावसात गवत माणसाच्या उंचीचे झाले होते. दसऱ्यानंतर देखभालीचा भाग म्हणून मी ते कापून घेतले. उतार अगदी हजामत केल्यासारखा स्वच्छ झाला. दिवाळीनंतर एका सकाळी पाहतो तर वरच्या अंगाची बरीचशी जाळी आणि बांबू गायब. रोपांना कोणी हात लावलेला नव्हता. निधीचा पुढचा हप्ता जाळी जागेवर असल्याची पाहणी झाल्यावरच मिळतो. म्हणून मी त्याच दिवशी रागारागाने फिर्याद दिली. चोर सापडलाच पाहिजे, असे मी ठाणे अंमलदारांना दोनदा सांगितले होते.

आमच्या घरी जानकी धोंडू घाडीगावकर या बाई गेली चौदा वर्षे पोळीभाजी करतात. त्या वरच्या वस्तीत राहतात. त्यांचा मुलगा नितेश, वय बावीस, याला परवा संशयावरून ठाण्यात बोलावण्यात आले. विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी त्याची निवड झाली आहे. पोलीस पडताळणी झाली की तो रुजू होणार. घाडीगावकरांच्या घरात पगारी नोकरी लागणारा तो पहिलाच. ही बातमी जानकीबाईंनी आम्हाला पेढे देऊन सांगितली होती. नावावर गुन्हा दाखल झाला तर ती नोकरी जाईल, हे मला कोणी सांगायची गरज नाही.

नितेशला बोलावले त्याच दिवशी सकाळी जानकीबाई आमच्या दारात आल्या. रोज त्या चपला बाहेर काढून सरळ स्वयंपाकघरात जातात. त्या दिवशी चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मी आत या म्हणालो. त्या आल्या नाहीत. चिडल्या की त्या मालवणीवर येतात. त्या म्हणाल्या, "साहेबानू, माका एकच इचारूचा आसा. ती घाणेरी तुमका खंय टोचत होती?"

मला प्रश्न कळला नाही. बिबट्या, परदेशी वनस्पती वगैरे मी सांगू लागलो. त्यांनी मला थांबवले. "आमी आता खंय जावचा? खालचो संडास गेल्या वर्साच्या गणपतीपासून बंद. बायका-माणसा झाडाआड जात होती, ती झाडा तुमी काढलात. मगे गवत होता, ता पण कापलात. टॉवरातसून कोण मोबाईल धरून उभो रवता. माझी श्रुतिका दुपारनंतर पाणीच पिणा नाय."

श्रुतिका ही त्यांची मुलगी, कॉलेजात शिकते. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होऊन ताप चढल्याने तिला मागच्या महिन्यात दवाखान्यात सलाईन लावावे लागले होते. त्या वेळी जानकीबाईंनी चार दिवस रजा मागितली होती. पोरीला ताप आहे एवढेच त्यांनी मला सांगितले होते आणि मी त्यांना पॅरासिटॅमॉलची पट्टी दिली होती.

विचारल्यावरून सांगतो की, जाळी कोणी नेली याबाबत जानकीबाई मला काहीही बोलल्या नाहीत. मीही विचारले नाही. नितेशचे नाव त्यांनी एकदाच घेतले. "त्याचा वाटोळा करू नको," असे त्या म्हणाल्या. चौदा वर्षांत त्या माझ्याशी प्रथमच एकेरीत बोलल्या, हे माझ्या दोन दिवसांनी लक्षात आले.

त्या गेल्यावर मी माणिकला विचारले की हे तुला माहीत होते का. माणिकने मे महिन्यातच गॅलरीच्या दाराला जाड पडदा लावला होता आणि सकाळी नऊपर्यंत ती तो उघडू देत नसे. त्यावरून आमची भांडणे झाली होती. एवढी खटपट करून उतार मोकळा केला आणि ही बाई पडदा ओढून बसते, म्हणून मी वैतागलो होतो. "ऊन येतं हो," एवढेच ती म्हणायची. आमची गॅलरी पश्चिमेला आहे. सकाळी तिथे ऊन येतच नाही. लोकांच्या दाव्यातली खोट पकडण्याचा पगार मी तेहतीस वर्षे घेतला आणि घरातली ही गोष्ट मला पकडता आली नाही.

माणिक म्हणाली, "पहिल्याच सकाळी दिसलं मला. एक म्हातारी डोक्यावरून पदर घेऊन, तोंड झाकून बसली होती. बाकी काही झाकता येत नाही, तर निदान तोंड." मी विचारले, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुम्हाला सांगून काय झालं असतं? तुम्ही समितीची मीटिंग बोलावली असती. त्यात सगळे पुरुष, आणि चर्चेला विषय काय, तर हा."

मला लाज वाटली. हा शब्द जबाबात बसत नाही, असे मला सांगण्यात आले. मला त्याऐवजी दुसरा शब्द सापडत नाही, तरी तो ठेवावा.

मी लगेच ठाण्यात येऊन फिर्याद मागे घेण्याची तयारी दाखवली. त्यावर तपास करणारे साहेब मला म्हणाले, "काका, जाळी सरकारी आहे. माफ करणारे तुम्ही कोण? उद्या वर चला, माल बघा. ओळखता की नाही, तेवढं बोला. बाकी आमच्यावर सोडा." त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते. माझे त्यांच्याविषयी काही गाऱ्हाणे नाही.

त्याप्रमाणे काल सकाळी तपास करणारे साहेब, एक शिपाई, दोन पंच आणि मी असे पाच जण वस्तीत गेलो. ही वस्ती मी रोज गॅलरीतून पाहतो, पण वर कधी गेलो नव्हतो. चढताना मला धाप लागली. वस्तीतल्या बायका दारात उभ्या राहून आमच्याकडे पाहत होत्या. जानकीबाई त्यांच्यात होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. वनमाला नावाच्या वयस्कर बाईंनी मला बसायला स्टूल आणून दिले. मी बसलो नाही.

वस्तीच्या मागच्या बाजूला, उताराच्या कडेवर, बांबू रोवून त्याला चारही बाजूंनी हिरवी जाळी दुहेरी गुंडाळलेली होती. माणसाच्या डोक्यापर्यंत उंच. आत दोन कप्पे असावेत. बाहेर पाण्याचे पिंप आणि त्यावर मग ठेवलेला होता. आमच्या इमारतीकडची बाजू त्यांनी जास्त उंच केली होती. तिथून मी वळून पाहिले तेव्हा आमच्या सगळ्या गॅलऱ्या दिसल्या. आमच्याच मजल्यावर एकाकडे कपडे वाळत होते, ते कोणते कपडे आहेत हेसुद्धा कळत होते.

साहेबांनी मला खुणेविषयी विचारले. मूळ फिर्यादीत मी लिहून दिले होते की, जाळीच्या एका कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाने आमच्या सोसायटीचे नाव रंगवलेले आहे. तो कोपरा शोधू लागलो असता, समोरच्या बाजूला जाळीवर एक साडी वाळत घातलेली होती. जांभळ्या रंगाची, धुवट. साडीने वरचा कोपरा पूर्ण झाकला होता. बाकीच्या कोपऱ्यांवर नाव नव्हते, हे पंचांनीही पाहिले.

शिपायाने साडी उचलण्यासाठी हात पुढे केला. तेवढ्यात आत पाणी ओतल्याचा आवाज झाला. मी त्याला थांबवले आणि पाठ फिरवून उभा राहिलो. मग शिपाईही वळला. साहेब आणि पंचांनीही पाठ फिरवली. आम्ही पाच पुरुष बराच वेळ खाली मुलुंडकडे तोंड करून उभे होतो. त्यानंतर मी साहेबांना सांगितले की माझे पाहणे झाले आहे, आपण खाली जाऊ.

आज मला विचारण्यात आले की, साडी बाजूला करून खूण का पाहिली नाही. उत्तर असे की, साडी बाईमाणसाची होती आणि आत कोणीतरी होते.

मला पुन्हा विचारण्यात आले की, आतली व्यक्ती बाहेर येईपर्यंत थांबून का पाहिले नाही. उत्तर असे की, नंतर दुसरी कोणीतरी आत गेली असती. तिच्यामागे तीन बायका उभ्या होत्या.

मला स्पष्ट विचारण्यात आले की, सदर जाळी चोरीस गेलेली जाळी आहे काय. यावर सांगतो की, मी जाळी पाहिली. ती हिरवी आहे. मुंबईत जिथे इमारतीचे काम चालू आहे तिथे हिरवी जाळी आहे, प्रत्येक रोपवाटिकेवर आहे, अर्ध्या दुकानांच्या छपरावर आहे. खूण मी पाहिलेली नाही. खुणेशिवाय वस्तू माझी आहे असे मी सांगू शकत नाही. नोकरीत असताना खूण दाखवू न शकणाऱ्या माणसाचा दावा मी नामंजूर करत असे. काही जण माझ्या टेबलापुढे रडलेही. माझ्याही दाव्याला तोच नियम लावावा. नितेश घाडीगावकर किंवा वस्तीतील इतर कोणावर माझा संशय नाही.

अशा जबाबामुळे निधीचा पुढचा हप्ता अडकेल आणि जाळी सांभाळता आली नाही म्हणून सोसायटी मला जबाबदार धरेल, याची कल्पना मला देण्यात आली. मला ती आधीपासून आहे. आमचे सचिव देवव्रत यांनी काल रात्री फोनवर मला "काका, तुम्ही आमची वाट लावणार" असे सांगितले आहे. नव्या जाळीचा खर्च मी करीन. रोपे लहान आहेत, त्यांना ती लागेलच.

जबाब मॅडमनी मला सावकाश वाचून दाखवला. साडीचा भाग मी पुन्हा वाचायला सांगितला. तो वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारले, "काका, 'आत कोणीतरी होते' काढून टाकू का? त्याची गरज नाही." मी म्हणालो, राहू द्या, या सबंध जबाबात तेवढेच मला खात्रीने माहीत आहे. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे, म्हणून खाली सही करतो.

नंदकुमार मो. कारखानीस