धुळ्याची शिकवणी

चहा होईतो सांगतो. नवरा गेल्यापासून माझी सुमन पारोळ्याला माझ्याकडेच असते. तिच्या पोरीला धुळ्याच्या एका खाजगी शाळेची प्रवेश परीक्षा द्यायची होती. शिकवणीसाठी जो तो धुळ्यातल्या एकाच बाईंचं नाव सांगे. नातीला घेऊन मी एसटीने गेलो.

बाईंनी मला निरखून पाहिलं. "आबा, तुम्ही सुमनचे वडील ना?"

"हो. ही तिचीच पोरगी."

"आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर होतो. सुमन पहिली यायची, मी दुसरी. अपूर्णांक मला तिनेच शिकवले. हिला माझ्याकडे कशाला आणलंत? घरी आई आहे की!"

मी उठलो. सातवीनंतर सुमनला कापूस वेचायला मीच धाडलं होतं.

घरी सुमन दारातच उभी होती. मी म्हटलं, "तठे जागा नही शे. तूच शिकाड तिले."

ती हसली. "माले काय येस, आबा? सातवीमाच मनी शाळा बंद व्हयनी."

कोणी बंद केली, ते ती बोलली नाही.

नात शेजारीच होती. बाईंचं सगळं बोलणं तिने ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली.