गळ्यात पट्टा नव्हता

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या आजींनी कान टवकारले. समोर सापडलेला कुत्रा घेऊन एक बाई बसल्या होत्या, आणि एक शिंपी त्यांच्यापुढे उभा राहून तो कुत्रा आपला असल्याचं सांगत होता.

"तुमचाच कशावरून? उद्या कुणीही उठेल नि माझा म्हणेल."

"मागच्या उजव्या पायाचं एक नख पांढरं आहे, बघा."

"ते तुम्ही आत्ता उभ्या उभ्या बघितलं असेल."

"पोटावर टाक्यांचा व्रण आहे."

"पुष्कळ कुत्र्यांना असतो."

"अहो, मला बघून शेपूट हलवतोय!"

"तो दूधवाल्याला बघूनही हलवतो."

आजींनाही माणूस काही धड वाटेना. त्यांनी टोपली पोटाशी ओढली.

"पट्ट्यावर माझा फोन नंबर होता, ताई. मीच शिवला होता, दोऱ्याने."

"पट्टाबिट्टा काही नव्हता. असता तर मी पहिल्याच दिवशी फोन केला नसता? मोकळ्या गळ्याने आला हा दारात."

"मग लेक म्हणते तेच खरं. बाबांनी पट्टा ढिला बांधला, म्हणून तो निसटला आणि कुत्रा हरवला. तेव्हापासून अबोला धरलाय तिने माझ्याशी."

"ढिला? अहो, कसला ढिला! चांगला काचत होता. मानेवरचे केस गेले होते बिचाऱ्याचे!"

आजींनी बाईंकडे पाहिलं. बाई कुत्र्याकडे बघत होत्या.

"पट्टाही द्या, ताई," शिंपी हळूच म्हणाला. "लेकीला दाखवायचाय."