अण्णांनी साफ केलेलं रान

हसू नका, पण घरी मी पीएचडीचा अर्धाच विषय सांगितला होता. सागवानाच्या ओळींमध्ये इंधनासाठी गवत वाढवायचं, असं माझं संशोधन. पण आमच्या वाटूरला रानात गवत म्हणजे खानदानाची नाचक्की. मंग अण्णांना, म्हणजे वडलांना, मी नुसतं सागवानच सांगितलं.

गाईड सर आमच्या रानातला प्लॉट बघायला यायचे होते. त्यांना आणायला मी आदल्या दिवशीच संभाजीनगरला गेल्तो. घेऊन आलो, तर अण्णा नवी टोपी घालून बांधावर उभे, आणि सागवानाखालची जमीन अंगणासारखी साफ!

सरांनी विचारलं, "गवत कुठंय?"

अण्णा खुशीत म्हणाले, "बिलकुल न्हाई, सर! कालपासून बाया लावल्या. एक काडी दिसली तर सांगा."

सर माझ्याकडं बघतच राह्यले. मी मान खाली घातली. अण्णांना वाटलं, गवत माजू दिलं म्हणून पोरगं लाजून राह्यलं. त्यांनी सरांपुढं हात जोडले.

"लेकराकडून निंदणी राहून गेल्ती, सर. तेवढं पोटात घाला, पण त्याची पीएचडी अडवू नका."