बोकडाचं कातडं, सहाशे ओम

अविनाश: …फाटतोय ओ वहिनी. प्रत्येक थापेला आवाज फाटतोय. आता मी काय मुद्दाम फाडलाय?

सुमंगला: परत लावा.

अविनाश: किती वेळा? गणपती स्वतः येऊन वाजवणाराय काय आता?

सुमंगला: परत लावा म्हटलं. डिचोलीहून म्हापशापर्यंत बसमध्ये उभी आले ती इथं तुमच्या स्टुडिओत खुर्ची उबवायला नाही.

काशिनाथ: सूनबाई, त्याचा काय दोष? घुमटाच्या मडक्यावर बोकडाचं कातडं तें. फाटतलंच. घोरपडीचं असतं तर देवळात घुमल्यासारखं घुमलं असतं.

सुमंगला: घोरपडीचं असतं तर मामा, आज आपण तिघं पोलीस चौकीत बसून आरती म्हटली असती.

काशिनाथ: घोरपड मारायला बंदी आता आली गो. घुमट आजोबांच्या आजोबांपासून आहे.

अविनाश: घरी जाऊन भांडा की! तुमच्या आरतीची सीडी उद्या पणजीला गेली नाही तर चवथीआधी छापून येत नाही. मी साधा उपाय सांगतो. काका, ती तुमची मुळगावची कॅसेट आणलीय ना?

काशिनाथ: ही घे. जपून. तरणा होतो तेव्हाची.

अविनाश: यातलं काकांचं घुमट घ्यायचं, तुम्हा बायकांच्या गाण्याखाली घालायचं. तुमचं काढून टाकायचं. कुणाला कळतंय?

सुमंगला: मला.

अविनाश: तुम्ही सोडून.

सुमंगला: मला सोडून कसं? मडकं तुमच्या लेकाच्या हातचं मामा, पण कातडं मी भिजवलंय, मी ताणलंय. बोटांना चिरा पडल्या. गावात आमच्या वाड्यावरचे पुरुष म्हणाले, बायकांनी टाळ वाजवावेत, शोभतं. तरी आम्ही वाजवलं. आणि आता सीडीवर गाणार आम्ही आणि थाप तुमची?

काशिनाथ: माझी थाप काय वायट?

सुमंगला: चांगली आहे. म्हणूनच नको. लोक म्हणतील, बघा, शेवटी काशिनाथच लागला.

काशिनाथ: म्हणूं दे. खोटं थोडंच म्हणतील?

सुमंगला: अविनाश, तो टोप द्या इकडे.

अविनाश: टोप? वहिनी, स्टुडिओचा हेडफोन आहे हा. सहाशे ओमचा! माझा मेव्हणा बोटीवर असतो, त्यानं हँबर्गहून आणलाय. अख्ख्या म्हापशात दुसरा दाखवा. हा कधी खोटं बोलत नाही.

हेडफोनमधली सुमंगला: बोलतच नाही हा. किती हळू येतंय!

अविनाश: तसंच असतंय. थांबा, मघाशी नेला तसा कॉम्प्युटरचा आवाज शेवटपर्यंत नेतो. वर बूस्ट देतो. आता?

हेडफोनमधली सुमंगला: काय?

अविनाश: आता ऐकू येतंय काय?

हेडफोनमधली सुमंगला: ओरडू नका, मला काही ऐकू येत नाही!

काशिनाथ: ओरडते तीच.

हेडफोनमधली सुमंगला: गाणं बरं आहे. गाताना कमल थोडी पुढे पळते. आता थाप… फाटली. होय हो, फाटली. ही पण. ही पण… थांबा. मागे न्या. अजून मागे. आता… कासाळं!

अविनाश: काय झालं कासाळ्याला?

हेडफोन काढलेली सुमंगला: थाप फाटते तिथंच शालिनीचं कासाळं पण फाटतं.

अविनाश: असेल.

सुमंगला: असेल काय? कासाळं पितळेचं, झांजेसारखं. तें कुठल्या जनावराच्या कातड्याचं? सांगा मामा. पितळेचं बोकड कुठल्या बाजारात मिळतं?

काशिनाथ: माझ्याकडे कित्याक बघतेस? मशीन त्याचं.

अविनाश: आणा तो इकडं.

हेडफोनमधला अविनाश: आयला.

काशिनाथ: कितें जालें?

हेडफोनमधला अविनाश: आयला, कमलताईंचा वरचा सूर पण.

सुमंगला: आता कमलला बोकड म्हणू नका.

हेडफोन काढलेला अविनाश: गप्प बसा जरा. दोघंही. रेकॉर्ड करताना स्क्रीनवरची आवाजाची पट्टी एकदाही लाल झाली नव्हती. मी स्वतः बघत होतो. म्हणजे आत फाटलेलं नाही. बाहेर येताना फाटतंय… ती वॉकमनची बारकी कानातली कुठायत?

सुमंगला: ही? ही तर शेंगदाण्याएवढी.

अविनाश: द्या. बूस्ट काढतो. आवाज अर्ध्यावर आणतो. हं…

सुमंगला: हं काय?

अविनाश: हं.

सुमंगला: तोंडातून शब्द काढा हो!

अविनाश: स्वच्छ आहे, वहिनी. थाप स्वच्छ, कासाळं स्वच्छ. झालं समाधान?

सुमंगला: नाही. का फाटत होतं तें सांगा.

अविनाश: या कॉम्प्युटरचं साउंड कार्ड हलकं. सहाशे ओमचा हेडफोन जड, चालायला जास्त जोर मागतो. कार्ड त्याला चालवतं, नाही असं नाही, पण हळू आवाजात. मी आपला हट्टानं बूस्ट दिला. मग साधा सूर कसाबसा निघतो, पण थाप आली, सगळा जोर एकदम आला, की छत लागतं. वरचा भाग छाटला जातो. तेच फाटल्यासारखं ऐकू येतंय.

सुमंगला: आणि मघाशी कोण म्हणत होतं, हा खोटं बोलत नाही?

अविनाश: त्याला बोल लावू नका हां! तो चांगलाच आहे. त्याला पेलणारा पाहिजे. दाखवतो तुम्हाला. हा टेपडेक आहे ना, याच्या पोटात अँप्लिफायर आहे. कॉम्प्युटरची वायर याच्या मागे घालायची. कार्डानं नुसता आवाज द्यायचा, जोर हा लावणार. आणि हेडफोन याच्या पुढच्या भोकात. आता कुणीही घाला.

सुमंगला: मामांना घाला.

काशिनाथ: मला नको. माझे कान तसेच उघडे बरे.

अविनाश: घाला ओ काका. हँबर्गचा आहे.

(काशिनाथच्या कानांवर हेडफोन. खोलीत त्याच्या बोलण्याशिवाय काहीच ऐकू येत नाही.)

हेडफोनमधला काशिनाथ: आं.

हेडफोनमधला काशिनाथ: हें बघ. हाका म्हणतात घुमट! आयकलें सुमंगला? घोरपड ही, घोरपड!

अविनाश: काका—

हेडफोनमधला काशिनाथ: हात हलवू नको, आयकूं दे. बरं केलंस, माझी कॅसेट लावलीस. बायकांच्या गाण्याखाली कशी बसली बघ. मुळगावात आम्ही रात्रभर वाजवायचो, पण असा आवाज टेपवर आला असेल असं वाटलं नव्हतं.

अविनाश: वहिनी, टेपडेक रिकामा आहे. कॅसेट ही माझ्यासमोर.

सुमंगला: दिसतंय मला.

अविनाश: सांगू?

सुमंगला: आरती संपू दे.

हेडफोनमधला काशिनाथ: आणि डावा हात बघ. घुमटाच्या मागच्या तोंडावर अर्धाच ठेवायचा. पुरा ठेवला की आवाज मरतो, काढला की पळतो. हें शिकवून येत नाही. कुणाला जमायचं नाही वाड्यावर.

अविनाश: सांगतो मी आता.

सुमंगला: तुम्ही नको. मी सांगते.

हेडफोन काढलेला काशिनाथ: काय कुजबुजता? हसता कित्याक?

सुमंगला: हसत नाही, मामा. कॅसेट लावलेलीच नाही. ती बघा टेबलावर.

काशिनाथ: मगे हें?

सुमंगला: माझं.

काशिनाथ: बोकड?

सुमंगला: बोकड.

काशिनाथ: परत लाव रे.

अविनाश: लावतो.

हेडफोनमधला काशिनाथ: डावा हात… अर्धाच ठेवलाय.

अविनाश: काका, मग कॅसेट घालायची काय?

सुमंगला: त्यांना ऐकू येत नाही.

अविनाश: मोठ्यानं विचारू?

सुमंगला: थांबा.

हेडफोन काढलेला काशिनाथ: माझी कॅसेट दी माका परत. घरी नेतो.

अविनाश: आणि घुमट? आहे तसं ठेवू?

काशिनाथ: तिला विचार. तिचं तें.

सुमंगला: ठेवा. थोडं वर घ्या.

काशिनाथ: पण डावो हात माझो गो. माझा बघून शिकलीस.

सुमंगला: डावा तुमचाच, मामा. कातडं माझं.